निर्दोष दात

बोरखडीत कुणाचा जन्म कधीचा, हे दात पाहून सांगता येतं. गावचा जुना हातपंप बंद झाला त्याच्या आधी ज्यांचं लहानपण गेलं त्यांचे दात तपकिरी, आणि नंतर जन्मलेल्यांचे पांढरे. यवतमाळ जिल्ह्याच्या आमच्या पट्ट्यात खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरतं. थोडं असलं तर ते दातांना चांगलं. जास्त झालं तर दात घडतानाच बिघडतो. मी आणि माझी धाकटी बहीण आचल, दोघीही हातपंपाच्या काळातल्या. माझे दात भिजवलेल्या सुपारीच्या रंगाचे. आचलचे त्याहून फिके, पण वरच्या चार दातांवर आडवे तपकिरी पट्टे.

मी प्रणाली डंभारे. नागपूरला एका खासगी दंतपरीक्षण प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. टूथपेस्ट, माउथवॉश, दातात भरायचं सिमेंट, काहीही बाजारात जायच्या आधी आमच्याकडे येतं आणि आम्ही ते दवाखान्यांतून आलेल्या, काढलेल्या दातांवर लावून पाहतो. दात पांढरे करणारी ‘धवलिका’ पट्टीही २०३६ साली अशीच आली. ती आमच्याकडे पास झाली. पास करणाऱ्या कागदावर दोन सह्या होत्या, त्यातली एक माझी.

धवलिका समजायची तर आधी दाताचं कवच समजायला हवं. त्याला इनॅमल म्हणतात. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. शंभरातले शहाण्णव भाग नुसतं खनिज, बारीक स्फटिकांच्या जुड्या एकमेकींना चिकटून उभ्या असाव्यात तसं. ज्या पेशी ते घडवतात त्या दात हिरडीबाहेर येईपर्यंत मरून गेलेल्या असतात. म्हणून हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, पण इनॅमल गेलं की गेलं. लाळ त्याची किरकोळ डागडुजी करते, तेवढंच.

दात पांढरे करायच्या जुन्या रीती दोन होत्या. एक खरवडायची: कोळशाची पूड, खरखरीत पावडर, लिंबू आणि सोडा. त्यात डागाबरोबर कवचही जायचं. दुसरी पेरॉक्साइडची. ते आत शिरून रंगाचे कण मोडतं. बेतानं वापरलं तर कवचाचं फारसं बिघडत नसे, पण दात शिवशिवायचे आणि लोक बेत पाळायचे नाहीत. धवलिकेत यातलं काहीच नव्हतं. स्फटिकांच्या मधे किंचित प्रथिन उरलेलं असतं आणि रंग धरतं ते तेच. धवलिकेतलं एन्झाइम फक्त ते प्रथिन कातरायचं. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, दातांवर पातळ पट्टी चिकटवायची. दात आंबायचे नाहीत की ठणकायचे नाहीत.

आम्ही ती साठ दातांवर तपासली. कृत्रिम लाळ, शरीराएवढं तापमान, पाच वर्षांच्या वापराएवढ्या फेऱ्या. मग कठीणपणा मोजायचा. एक हिऱ्याचं टोक ठरावीक वजनानं दातावर दाबायचं आणि उमटलेला खळगा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. खळगा जितका लहान, तितकं कवच टणक. साठही दातांवरचे खळगे आधी होते तेवढेच भरले.

ते साठ दात मीच निवडले होते. नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं असे की नमुन्याचे दात निर्दोष असावेत, भेग, कीड किंवा डाग नसावा. दवाखान्यांतून आलेली बरणी मी ट्रेमध्ये ओतली आणि एकोणीस डागी दात वेगळे काढले. त्यातले दोन-तीन अगदी माझ्या दातांसारखे होते. ते मी लाल डब्यात, टाकाऊ मालात टाकले. त्या वेळी मनात काहीही आलं नाही. नियम होता आणि मी तो पाळला.

धवलिका बाजारात आली तेव्हा आचल पंचवीस वर्षांची होती आणि घरी बसून होती. बी.कॉम. झालेली, बोलायला चटपटीत. पण आता पहिली मुलाखत यंत्रच घेतं. कॅमेऱ्यासमोर बसून बोलायचं आणि यंत्र चेहरा पाहून गुण देतं. आचलला ‘मोकळेपणा’ या रकान्यात दर वेळी दहापैकी दोन किंवा तीन. ती ओठ आवळून बोलायची, हसताना हात तोंडावर न्यायची. यंत्राला त्याचं कारण कसं कळणार?

तिनं मला फोन केला. “ताई, ते धवलिका तुमच्याकडेच तपासलं ना? लावू का मी?”

“लाव ना,” मी म्हणाले. “मी सोता तपासलं. काही होत नाही.”

पाच महिन्यांत तिचे पट्टे गेले. ती नागपूरला आली, स्टँडवर उतरली आणि लांबूनच हसली, तर मी क्षणभर ओळखलंच नाही. नंतर कंपनीनंच तिला कामावर घेतलं. गावोगाव फिरून बायकांना पट्ट्या देणाऱ्या मुलींना ते ‘दंतसखी’ म्हणत. आचल आपला आधीचा फोटो दाखवायची आणि मग हसायची. एवढं पुरायचं. दोन वर्षांत केळापूर तालुक्यातल्या एकशे बेचाळीस बायका-पोरी तिच्या यादीत आल्या. पांढरकवड्याच्या स्टँडवर तिचा बारा फुटी फोटो लागला. बाबा कामासाठी तिकडं गेले की मुद्दाम त्या बाजूनं जायचे.

मी स्वतः धवलिका लावली नाही. ज्या कंपनीचा माल तपासतो तो वापरायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. पण खरं सांगायचं तर मला माझ्या दातांची सवय झाली होती. दिवसभर यंत्रासमोर बसणाऱ्या बाईला कोण हसायला सांगतं?

२०४० च्या फेब्रुवारीत आमच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. दुपारी आम्ही सगळ्या गजरे बांधत बसलो होतो. कात्री सापडेना म्हणून आचलनं दोरा दातात धरून तोडला. दोरा तुटला आणि तिनं जिभेवरचं काहीतरी बोटावर घेतलं.

“हे काय वं?”

वरच्या पुढच्या दाताच्या कडेचा, तांदळाच्या कणीएवढा कपचा होता. “दात आहे,” मी म्हणाले. “टाकू नको, मले दे.”

“तू अन् तुहे दात!” ती हसली. बाकीच्याही हसल्या. आरशात पाहिलं तर कड जराशी तिरपी दिसत होती, बस. ती पुन्हा गजऱ्याला लागली.

मी तो कपचा रुमालात गुंडाळला. दातांचे तुकडे मी रोज पाहते. इनॅमल काचेसारखं तुटतं, धारदार, चकचकीत. हा कपचा बोटांत धरला तर त्याची कड खडूसारखी भुरभुरली. इनॅमल असं वागत नाही.

नागपूरला आल्यावर मी धवलिकेचा जुना अहवाल काढला. साठ दातांची यादी वाचताना ‘निर्दोष’ या शब्दावर मी थांबले, आणि मग फ्लोराइडच्या दातांवरचं जे जे छापून आलं होतं ते वाचत बसले. सगळं आधीपासून माहीत होतं, फक्त कुणी शेजारी-शेजारी ठेवलेलं नव्हतं. दात घडताना आधी प्रथिनाचा सांगाडा तयार होतो, मग खनिज भरत जातं तसतसं प्रथिन बाहेर काढलं जातं. फ्लोराइड जास्त असलं की हे काढण्याचं काम अर्धवट राहतं. वरचा पातळ थर पक्का होतो, पण त्याच्या खाली कवच सच्छिद्र राहतं आणि त्या छिद्रांत प्रथिन उरतं. नागपूरच्या माणसाच्या दातात ते नगण्य असतं. आमच्या दातात बरंच असतं, आणि कदाचित तेच स्फटिकांना धरून ठेवत असतं. धवलिका तेच कातरत होती.

‘कदाचित’ एवढंच मला म्हणता येत होतं. दाखवायला दात हवा होता, आणि आता आमच्या बरणीत एकही डागी दात नव्हता.

माझी खालची अक्कलदाढ आडवी होती. डॉक्टर दोन वर्षं ती काढा म्हणत होते आणि मी टाळत होते. अक्कलदाढेचं कवच आठ ते चौदा या वयात घडतं. ती सगळी वर्षं मी त्याच पंपाचं पाणी प्यायले होते. मी त्याच आठवड्यात दाढ काढून घेतली आणि गाल सुजलेला असतानाच ती प्रयोगशाळेत आणली.

आमच्या प्रमुख डॉ. अनघा चिंचमलातपुरे. आम्ही सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणतो. बाई कडक, शब्दाला जपणाऱ्या. मी टेबलावर दाढेची बाटली ठेवून सगळं सांगितलं. 

“आणि काही निघालं नाही तर?” शेवटी त्यांनी विचारलं.

“तर माझी दाढ तशीही काढायचीच होती, मॅडम.”

“ठीक आहे. दाढ उभी चीर. एका अर्ध्याला धवलिका, दुसऱ्याला नुसती लाळ. यंत्र मोकळं असेल तेव्हा वापर. मोजताना कुठला अर्धा कुठला, हे तुला कळता कामा नये. डब्या मी बदलून ठेवीन.”

दोन वर्षांच्या वापराएवढ्या फेऱ्या पुऱ्या व्हायला सहा आठवडे लागले. मॅडमनी दोन्ही अर्धे ‘क’ आणि ‘ख’ अशा डब्यांत दिले. मी हिऱ्याचं टोक वरून दाबलं. दोन्हींवर खळगे सारखे. पुन्हा मोजले. सारखेच. मला एकदम हलकं वाटलं. आचलचा दात काही दुसऱ्याच कारणानं उडाला असेल, असं मी मनाशी म्हणूनही टाकलं.

मग आठवलं, वरचा थर तर आमचाही पक्काच असतो. मी दोन्ही अर्ध्यांची चिरलेली बाजू घासून गुळगुळीत केली आणि टोक तिथं, वरच्या थराच्या खाली, दाबलं. ‘क’ वर खळगा पडला. ‘ख’ वर खळगा पडलाच नाही. टोक आत गेलं आणि चारी बाजूंनी तडे धावले. सूक्ष्मदर्शकात स्फटिक सुटे-सुटे दिसत होते, दोरी सोडलेल्या सरपणासारखे.

मॅडमनी खिशातली चिठ्ठी उघडली. ‘ख’ म्हणजे धवलिका. त्या बराच वेळ सूक्ष्मदर्शकावर वाकून राहिल्या.

“आपण पाच वर्षं सुरक्षित असं लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“साठ दातांवर. तुझ्या गावच्या एकाही नाही.”

“ते मीच काढून टाकले होते, मॅडम.”

“नियम कुणी लिहिला? मी होते त्या समितीत.” त्यांनी चष्मा पुसला. “एका दातावर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण आपल्याच जुन्या अहवालाला पुरवणी जोडता येते. फ्लोराइडच्या दातांवर ही चाचणी झालेली नाही, निष्कर्ष त्यांना लागू नाही, प्राथमिक पुरावा उलट आहे. एवढंच लिहू. औषध नियंत्रकांना आणि कंपनीला, एकाच दिवशी पाठवू.”

पत्र सोमवारी जाणार होतं. मी शनिवारी बोरखडीला गेले. आचलला ते पत्रातून कळू नये, एवढंच मला वाटत होतं.

ती अंगणात बसून पट्ट्यांची पाकिटं मोजत होती. मी तिला सूक्ष्मदर्शकातले फोटो दाखवले आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

“तूच सांगतलं होतं, काही होत नाही म्हणून.”

“हाव. माझी चूक झाली.”

“चूक तुह्यी, अन् बंद मी करू?”

“आचल, दात आतून पोकळ होऊन राहिले. आजच थांबलीस तर आहे तेवढं तरी वाचंल.”

“आतून कोण पाह्यते, ताई?” ती उठून उभी राहिली. “तुले सवय आहे तोंड मिटून काम करायची. माह्यं काम तोंड उघडल्याशिवाय होत नाही. एकशे बेचाळीस बायांले मी काय सांगू? माह्या बहिणीनं पास केलं होतं, आता तीच नापास म्हणते?”

“हो, तसंच सांग.”

“माहे दात चांगले दिसतात ते तुले पाह्यवत नाही, असं म्हण.”

ते तिला स्वतःलाही खरं वाटत नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. पण बोलून झालं होतं. ती पाकिटं उचलून आत गेली आणि दार लावून घेतलं.

बाबा ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. सुखदेव डंभारे, पंचायतीचे हातपंप दुरुस्त करणारे, आता निवृत्त. गावच्या पंपाला लाल रंग त्यांनीच लावला होता. लाल म्हणजे पिऊ नका.

“बाई, मी रंग लावला त्या दिवशी लोकायनं मले शिव्या देल्ल्या,” ते म्हणाले. “अन् दुसऱ्या दिवशी त्याच पंपावर गुंड-घागरी घेऊन आले. लाल तर लाल. दुसरं पाणी दोन कोस लांब होतं ना. टाकीचं पाणी गावात आलं, मंग कुठं पंप सुटला.”

“म्हणजे मी सांगू नको?”

“सांग ना. पण पट्टी सोडून त्यायनं काय करावं, हेही सांग. ते नाही सांगतलं तर कोणी आयकणार नाही. तुही बहीणही नाही.”

मी परत आले. सोमवारी पत्र गेलं. कंपनीचं उत्तर आठ दिवसांत आलं, अतिशय सभ्य. एका दातावरून निष्कर्ष काढणं योग्य नाही, तरी आम्ही नवी चाचणी सुरू करत आहोत, वर्षभरात निकाल येईल. मधल्या काळात पाकिटावर एक ओळ टाकू. ती ओळ मी नंतर पाहिली. ‘दातांच्या विशेष स्थितीत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’ बोरखडीत ‘विशेष स्थिती’ कुणाला कळणार होती? आमच्याकडे सगळ्यांचीच ती स्थिती. औषध नियंत्रकांकडून पत्र मिळाल्याची पोच आली आणि कंपनीकडून आमच्या प्रयोगशाळेला येणारं काम थांबलं. 

मी तोवर ‘दुसरं पाणी’ शोधत होते. नागपूरच्या एका दंत महाविद्यालयात डॉ. तबस्सुम काझी सच्छिद्र इनॅमलवर काम करत होत्या. एक पातळ राळ दातावर लावायची, ती छिद्रांत आपोआप शोषली जाते, मग निळ्या प्रकाशानं ती आत घट्ट होते. डाग बऱ्यापैकी झाकले जातात आणि पोकळी भरते. त्यांना मी फोटो दाखवले. “हे तर आमच्याचसाठी केल्यासारखं आहे,” त्या म्हणाल्या, “पण आणा लवकर. वरचा थर फुटला की भरायला जागाच राहत नाही.”

आचल माझा फोन घेत नव्हती. चौथ्या आठवड्यात, भर दुपारी, तिचाच फोन आला.

“ताई, पाटणबोरीची स्वाती आहे ना, माह्या यादीतली. तिचे समोरचे दोन दात गेले. भाकर खाता खाता. मऊ भाकर, वं. काल वांजरीच्या एकीनं सांगतलं, दात हलक्या हातानं घासला तरी पांढरी भुकटी निघते. स्वातीची माय मले काही बोलली नाही. नुसती पाहात राह्यली माह्या तोंडाकडं.”

“आचल, तुझे?”

“माहेही हलतात असं वाटते. नाही, हलत नाहीत. पण मी दोन दिवसांपासून वरणभातच खाऊन राहिली.”

मी तिला डॉ. काझींचं सांगितलं. तिनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, लिहून घेतलं, आणि म्हणाली, “मंग मीच जातो साऱ्यायकडं. देल्लं मी, तर सांगीनही मी.”

मी रजा टाकून तिच्यासोबत गेले. तिच्या स्कूटरवर, सतरा गावं, अकरा दिवस. यादीतलं एकेक नाव ती स्वतः खोडत होती. पहिल्याच घरी तिनं आपला कपचा उडालेला दात दाखवला आणि आमच्या प्रयोगशाळेचं नाव सांगून माझ्याकडे बोट केलं: “हे माही बहीण. इनंच पास केलं होतं. आता हेच म्हणते बंद करा.” बाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी हसले तर दात दिसले, आणि मला वाटतं त्यामुळेच पहिल्यांदा कुणी माझं ऐकून घेतलं. कुणी शिव्या दिल्या. कुणी पाकिटं आणून अंगणात फेकली. एका नवऱ्यानं आम्हाला फाटकाबाहेर काढलं.

झुलीच्या सुनंदाबाई चाळिशीच्या, अंगणवाडीत मदतनीस. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मी नाही सोडत.”

“काकू, तुटतील दात,” आचल म्हणाली.

“तुटू दे. तीस वर्षं तोंडावर पदर धरला मी. दोन वर्षं झाले, लेकरांसंगं गाणं म्हणताना धरत नाही. आता पुन्हा धरू?”

आचलनं माझ्याकडे पाहिलं. मग ती त्यांच्या शेजारी बसली. “काकू, डाग लगेच परत येत नाहीत. पट्टी बंद केली तरी दात हाच रंग ठेवतात बरेच दिवस. नागपूरची डॉक्टर आतून भरून देणार आहे. तुमचं नाव मी पह्यलं टाकतो.” सुनंदाबाईंनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण डॉ. काझींनी दात भरून द्यायला शिबिर घेतलं त्या दिवशी त्या रांगेत सगळ्यात पुढे होत्या.

त्या फिरण्यात एक गोष्ट मी मुद्दाम केली. जिथं जिथं कुणाचा दात पडला होता किंवा काढला होता, तिथून तो मागून घेतला. आचलनं नावांच्या चिठ्ठ्या लावल्या. कुणी डबीत, कुणी पदराच्या गाठीत, एका म्हातारीनं तर देवघरात ठेवलेला दात आणून दिला. आम्ही फ्लोराइडचे एकशे अकरा दात घेऊन नागपूरला आलो. मॅडमनी ते ट्रेमध्ये ओळीनं मांडले. धवलिका वापरलेले, न वापरलेले, कमी डागी, जास्त डागी. या वेळी निकाल एका दाताचा नव्हता. औषध नियंत्रकांनी जुलैत आमच्या जिल्ह्यासह नऊ जिल्ह्यांत धवलिकेची विक्री थांबवली आणि वर्ष संपायच्या आत देशभर. नव्या चाचणीत डागी दातही घ्यावेत असा नियम पुढच्या वर्षी झाला. कंपनीनं एन्झाइम बदलून दुसरं काहीतरी आणलं. ते आमच्याकडे तपासायला आलं नाही.

स्टँडवरचा फोटो एका सकाळी उतरवला गेला. त्याआधीच आचलनं काम सोडलं होतं. यादीतल्या एकशे बेचाळीसपैकी एकतीस जणींचे दात भरण्यापलीकडे गेले होते; त्यांना कॅप बसवाव्या लागल्या. स्वातीला दोन्ही दात नवे बसवले, पण तिची आई अजून आचलशी बोलत नाही. आचल महिन्यातून एकदा तरी त्यांच्या दारावरून जाते. 

तिनं स्वतःचा नंबर यादीत सगळ्यात शेवटी टाकला होता. तो येईपर्यंत पुढचा मार्च उजाडला. मी डॉ. काझींच्या दवाखान्यात तिच्या शेजारी बसले होते. राळ आत जाणार होती, पण कपचा उडालेली कड वेगळ्या सिमेंटनं बांधावी लागणार होती. डॉक्टरांनी छटांची पट्टी काढली. सोळा नकली दात, पिवळसर ते पांढरा, ओळीनं.

आचलनं आरसा धरून एकेक दात ओठाशी लावून पाहिला. मग सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. “हा.”

“तुमच्या बाकीच्या दातांत तो उठून दिसेल,” डॉक्टर म्हणाल्या. “हा घ्या, दोन घरं अलीकडचा. कुणाला कळणार नाही.”

“उठूनच दिसू द्या, मॅडम.”

डॉक्टर हसल्या आणि तयारीला लागल्या. “हे किती दिवस टिकते?” आचलनं विचारलं.

“छान टिकतं. अजिबात काळजी करू नका.”

आचलनं मान वळवली. “ताई, तू सांग.”

डॉक्टरांचे हात थांबले. मी म्हणाले, “आपल्या बोरखडीच्या अन् आजूबाजूच्या बत्तीस दातांवर पाह्यलं. तीन वर्षांएवढ्या फेऱ्यांपर्यंत काही होत नाही. चौथ्या वर्षाचं मले माहीत नाही.”

डॉ. काझी माझ्याकडे जराशा नाराजीनं पाहू लागल्या. आचल विचार करत होती. तिला घाई नव्हती.

“मंग चौथ्या वर्षी तू माह्यासंगं येजो,” ती म्हणाली. खुर्चीत मागे टेकली, आणि तिनं तोंड उघडलं.